सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस

काहीही लिहिताना ते डावा तळहात कागदावर आडवा धरत. किराण्याची यादी लिहितानासुद्धा. आम्ही हसलो की म्हणत, "सवय हाय सर. झाकायचंच शिकून राहिलो."

नांदेडच्या आमच्या कॉलेजात ते संगणक शिकवत. पीएच.डी. चालू होती. विषय असा, की चार माणसांनी आपापला आकडा कुणालाही न दाखवता सगळ्यांची बेरीज कशी काढावी, आणि हे झाकणं कुठवर टिकतं. तुम्हाला वाटेल तसंच मलाही वाटायचं, याला पीएच.डी. कशाला लागते?

मग प्रात्यक्षिकाला न आलेल्या मुलांनाही गुण द्या, असा प्राचार्यांचा तोंडी हुकूम आला. विद्यापीठाकडे लेखी तक्रार करायला कोण तयार आहे, हे उघड विचारायची सोय नव्हती. नाव कळलं की बदली. एका संध्याकाळी मी या संगणकाच्या सरांना छातीठोकपणे म्हणालो, "मी आहे तुमच्यासोबत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा सहा जणांना गोल बसवलं. पहिल्याने मनात एक आकडा धरायचा. तयार असेल तर त्यात एक मिळवायचा, नसेल तर नाही, आणि चिठ्ठीवर लिहून पुढच्याला द्यायचा. पुढच्यांनी आलेल्या आकड्यावर तसंच करायचं. शेवटी चिठ्ठी पहिल्याकडे परत आली की त्याने आपला मनातला आकडा वजा करायचा; उरेल तेवढे तयार.

"ह्याची हद्द बी सांगतो," ते म्हणाले. "दोन बाजूचे शेजारी एक झाले की मधला उघडा पडतो. म्हणून मला भरवसा हाय तिथं बसतो." आणि ते माझ्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडमच्या मध्ये बसले.

बेरीज आली एक. ते म्हणाले, "चहा सांगू का?"

मी एक मिळवला नव्हता. भ्यालो होतो, दुसरं काय.

बैठकीची खबर प्राचार्यांना लागलीच, कोण कुठं बसलं होतं त्यासकट. त्यांनी मला आणि मॅडमना बोलावलं. मी नाव घेतलं नाही. "मी पुढं सत्तेचाळीस दिला," एवढंच म्हणालो. मॅडम खाली बघत म्हणाल्या, "मला अठ्ठेचाळीस मिळाला."

संस्थेच्या किनवटच्या शाखेत सरांची बदली झाली. स्टेशनवर सोडायला गेलो, तेव्हा मी कसंबसं तोंड उघडलं, "सर, त्या दिवशी प्राचार्यांनी..."

"ते नंतरचं हाय, राहू द्या. मला तर बेरीज आली तवाच कळलं. माझा एक मला ठाऊक होता नं. मग बाकीच्यांचं काय झाकून राहणार? उत्तरच सांगून टाकतं, सर. त्याला इलाज न्हाई. प्रबंधात तेच लिहून राहिलो."

गाडी लागली. त्यांनी घाईने किनवटचा पत्ता लिहून दिला. डावा हात तेवढ्यापुरता बॅगेवर होता, कागदावर नव्हता.

तो कागद माझ्या पाकिटात आहे. किनवट काही फार लांब नाही. मी अजून गेलेलो नाही.