दोन टेबलांची जागा

"उचला रे ह्यांना," हॉटेलवाला म्हणाला. मला विचारलं नाही. वेटरना सांगितलं.

दोघांनी माझी चाकाची खुर्ची धरली आणि सिमेंटची गोण चढवावी तसं मला तीन पायऱ्या वर नेलं. मांडव्याच्या बोटीने आलेली मुंबईची मंडळी मासे खाता खाता थांबली. एक बाई हळहळली. एकाने मोबाइल वर धरला.

मी भीक मागायला गेलो नव्हतो. त्याच्या हॉटेलच्या लाकडी डेकचं माप घ्यायला गेलो होतो. पत्र्यांचा गठ्ठा पाठीवर पडून पाय गेले, तरी माझं वेल्डिंगचं दुकान चालतं. समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या निम्म्या टपऱ्या माझ्या हातच्या. भावात मला कोणी गुंडाळत नाही.

तो बागायतदाराचा मुलगा. डेक पार फूटपाथ संपेपर्यंत वाढवून हवा होता.

"मग चालणारे कुठून जातील?"

"रस्ता आहे ना एवढा मोठा."

"आणि चढायला उतार?"

"उतारात माझी दोन टेबलं जातात, शेठ. तुमच्यासारखे येतात किती?"

"येतील कसे? उडत?"

तो हसला. "तुम्ही कधीही या. आमची पोरं उचलतील. बिलसुद्धा नको तुमच्याकडून."

फुकट! मला! किलोमागे रुपयासाठी लोखंडवाल्याशी तासभर भांडणारा मी. माझ्याशी भाव करायचीही त्याला गरज वाटली नाही.

मी ओरडलो. पण चीड मला माझीही आली. इतकी वर्षं टपऱ्यांचे काउंटर मी छातीएवढे उंच लावले, कारण तेव्हा मी उभा होतो. खुर्चीत बसल्यावरही तेच माप चालू ठेवलं. आज त्याच टपऱ्यांवर मला खालून हात वर करावा लागतो. चहावाला माझ्या सोबतच्याला विचारतो, "ह्यांना साखर चालते का?"

मी टेप गुंडाळली. वेटर पुढे आले.

"हात नाय लावायचा. फळ्या आणा."

मागून दोन लांब फळ्या आल्या. पायऱ्यांवर टाकल्या. कठडा धरून मी माझ्या हातांनी उतरलो.

आता माझ्या दुकानातून एका बाजूला बुटका काउंटर असल्याशिवाय टपरी निघणार नाही. नको असेल त्याने दुसरा वेल्डर शोधावा. ह्यात घासाघीस नाही.

त्याचा डेकही मी फूटपाथवर येऊ देणार नाही. ग्रामसभेत विषय दिलाय. सभागृहालाही पायऱ्या आहेत. सरपंच म्हणाले, "घेऊ ना वर तुम्हाला, चार जण आहेत."

मी अंगणात थांबणार आहे. सभेने खाली यावं.