रिबेकामावशीचा अल्बम आणि माझी धडधड

आमच्या कागदकामाच्या ग्रुपमध्ये काही म्हणता काही टाकून देत नाहीत. लग्नपत्रिका, मिठाईच्या खोक्यावरची सोनेरी झालर, नव्या शर्टाच्या कॉलरमधली पुठ्ठ्याची पट्टी, सगळं "असू दे, लागेल" म्हणून ठेवायचं. किश्श्यांचंही तसंच झालंय. दर बुधवारी एक तरी पडतोच, आणि टाकवत नाही. आधी खरं तर शनिवार ठरला होता. पण शनिवारी रिबेकामावशीचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्या दिवशी ती कात्री हातात धरत नाही. म्हणून बुधवार.

आम्ही चौघी. रिबेका आपटेकर, म्हणजे मावशी, पनवेलच्या जुन्या बेने इस्रायली ज्यू घरातली, पोस्टातून रिटायर झालेली. शबाना, जिचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. जासईची वंदना, जिच्या घराभोवती कंटेनरची गोदामं, त्यामुळे पुठ्ठा आणि पॅकिंगचा कागद तिच्याकडे ढिगाने. आणि मी, मंगल. माझा स्वभाव काळजीचा. रिक्षा नुसती वळली तरी मी दांडा धरते.

काम काय, तर फोटो लावून, कागदाची फुलं-बिलं करून अल्बमची पानं सजवायची. स्क्रॅपबुक म्हणतात त्याला. आमचे हे त्याला "भंगारवही" म्हणतात. त्यांना बोलायला काय जातंय!

* * *

वंदनाचा किस्सा आधी सांगते, म्हणजे वेड कुठवर जातं ते कळेल. माझ्या भाचीच्या मुलाच्या वाढदिवसाला मी तिला घेऊन गेले होते. केक झाला, पोरगं गिफ्टवर तुटून पडलं, आणि वंदना मध्ये जाऊन बसली. "फाडू नको रे बाला, असा छान कागद हाय. टेप उचल, हळू."

पोरगं रडकुंडीला आलं. ही बया एकेक टेप नखाने उचलतेय, कागद मांडीवर सरळ करतेय, घडी घालतेय. बाकीची पोरं कंटाळून खाली खेळायला गेली. मी भाचीच्या सासूकडे बघायचं टाळत वेफर्स खात राहिले. निघताना वंदनाच्या काखेत कागदाचा हा एवढा गठ्ठा!

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन. "मावशी, त्या बाई गिफ्ट द्यायला आल्या होत्या की न्यायला?"

* * *

मग एका बुधवारी रिबेकामावशी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली की तिकीट झालं. तिचा मुलगा बरीच वर्षं इस्रायलला आहे, एकटी राहू नकोस म्हणून मागे लागला होता. परतीचं तिकीट काढलेलं नव्हतं. शबानाने हातातली रिबीन खाली ठेवली.

मावशीला जाण्याची भीती नव्हती. भीती होती नातीची. नोआ पाच वर्षांची. तिला मराठीचा गंध नाही, आणि मावशीचं हिब्रू प्रार्थनेपुरतं. व्हिडिओ कॉलवर आजी दिसली की पोरगी आईच्या मागे लपते.

"इथे मी कोण ते भाजीवालीपासून सगळ्यांना ठाऊक आहे ग," मावशी म्हणाली. "तिथे मी नुसती कोपऱ्यातली म्हातारी असणार. त्या पोरीला कळायला हवं, मी कोण ते."

म्हणून अल्बम करायचा ठरला. मावशीचं सगळं आयुष्य, पहिल्या फोटोपासून आत्तापर्यंत. मूळ फोटो सगळे एकुलते एक, निगेटिव्ह एकाचीही नाही. ते कोणाकडे ठेवायचे हा प्रश्न आला तेव्हा मावशीने पिशवी सरळ माझ्या मांडीवर ठेवली. "मंगलकडे राहू देत. ती घाबरट आहे, तिच्या हातून काही हरवायचं नाही."

ही शाबासकी होती की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

* * *

फोटो ठेवायचे कुठे? कपाटात ठेवावेत तर कसर लागते. माळ्यावर ठेवावेत तर वर टाकी गळते. देव्हाऱ्याखाली ठेवावेत तर निरांजन. सगळं घर पालथं घातल्यावर मला एकच जागा सापडली, जिथे कसर नाही, पाणी नाही, दार घट्ट बंद होतं, आणि आमच्या घरात तिला कोणी हात लावत नाही. मायक्रोवेव्ह! मुलाने हौसेने दिलेला, मी तो भीतीपोटी कधी चालू केलेला नाही.

चार दिवस निवांत गेले. पाचव्या दिवशी मी भाजी घेऊन आले तर आमचे हे स्वयंपाकघरात उभे. एका हातात गार झालेला चहा, दुसरा हात मायक्रोवेव्हच्या दारावर. माझ्या हातातली पिशवी सुटली, टोमॅटो ओट्याखाली गेले.

त्यांनी शांतपणे आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "रिबेकाबाईंना किती मिनिटं लावायची?"

मी तिथेच खाली बसले. हे टोमॅटो गोळा करत हसत होते. या माणसाला कशाचंही काही वाटत नाही!

* * *

आमच्यात एक नियम आहे, मूळ फोटोला गोंद लावायचा नाही. स्कॅन करून प्रिंट काढायची आणि तीच चिकटवायची. म्हणून मी पिशवी छातीशी धरून एसटी स्टँडजवळच्या एका फोटोवाल्याकडे गेले. स्कॅनिंग डोळ्यांसमोर करून घेतलं, मूळ फोटो मोजून परत घेतले आणि प्रिंट घ्यायला संध्याकाळी यायचं ठरलं.

बुधवारी प्रिंट टेबलावर मांडल्या. मावशीने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे कोण ग?"

मी म्हटलं, "असं काय करता, तुमची आई ना?"

"माझ्या आईच्या हनुवटीवर तीळ होता. हा एवढा. आम्ही बाजारात चुकलो तर तीळवाली बाई कुठे दिसली का, असं विचारायचो."

तीळ गायब. मावशीच्या वडिलांचे ओठ गुलाबी. पोस्टातल्या झाडून सगळ्या बायका गोऱ्यापान, एकीलाही सुरकुती नाही. मला वाटलं मूळ फोटोच बिघडले, आणि मी घाईघाईने पिशवी उघडली. मूळ फोटो ठीक होते. तीळ जागेवर होता. मी तशीच उठून दुकानात गेले आणि फोटोवाल्याला फैलावर घेतलं.

तो बिचारा खरंच खूश होता. "मॅडम, जुने फोटो होते. सगळे डाग साफ करून दिलेत."

* * *

बारीक कापण्यात वंदनाचा हात धरणारं कोणी नाही. फोटोतल्या माणसाच्या कडेकडेने अशी कात्री फिरवते, की केसाची बटसुद्धा सुटी निघते. मावशीच्या तिशीतल्या एका फोटोची प्रिंट तिने घेतली. मावशी फिक्या साडीत, हसतेय, मागे कुठल्यातरी बागेची रेलिंग. वंदनाने रेलिंग काढली, झाडं काढली, मावशी तेवढी सुटी करून निळ्या कागदावर चिकटवली. फोटो असा उठून दिसायला लागला की विचारू नका.

मावशीने पान जवळ ओढलं. मग हळूच विचारलं, "खांद्यावरचा हात कुठे गेला?"

"तो मी काढला," वंदना म्हणाली. "कोनाचा तरी हात मधीच आला होता. बरा दिसत नाय."

"यांचा होता ग. हे कडेला उभे होते, कॅमेऱ्यात हातच तेवढा आला."

मावशीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. वंदनाचा चेहरा पांढराफटक पडला, शबाना माझ्याकडे बघतेय, मी पंख्याकडे. आता मावशी रडणार आणि अल्बम राहिला बाजूला, असं माझ्या मनाने घेतलं.

मावशी म्हणाली, "जन्मभर असंच. कुठेही हात मध्ये घालायचे, आणि बोलणी मी खायची."

हसता हसता आमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं दुसरी प्रिंट काढू. वंदना ऐकेना. टेबलाखाली बसली आणि कात्रणांच्या ढिगातून तो हात शोधून काढला, नखाएवढा. परत खांद्यावर बसवला, जोड कुठे आहे ते आता मलाही दिसत नाही.

* * *

प्रवासाला निघण्याआधी मावशीकडे मलिदा होता. म्हणजे गोड पोह्यांचं ताट, वर ओलं खोबरं, भोवती फळं, आणि प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाची प्रार्थना. त्याच दिवशी अल्बम द्यायचा होता. झाला होता देखणा, फक्त जाड झाला होता. बटणं, लेस, पितळी पिना, कागदाचे गुलाब, सगळं आत. मला एकच दिसत होतं, माणसांनी भरलेली खोली आणि खोबऱ्याचे हात. मी ओल्या नॅपकिनांचा गठ्ठा घेऊन अल्बमशेजारी उभी राहिले. हात पुसल्याशिवाय पान उलटू देईना.

शबाना दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. "काय मंगलताई, अल्बम बघायला पण नमाजासारखी वजू करायची का?"

सगळे हसले. मावशी मात्र एकेक पान उलटत होती. शेवटी तिने अल्बम मिटला आणि मला जवळ बोलावलं. फार सुंदर झालाय म्हणाली, आमच्या चौघींच्या हातांना देव यश देवो म्हणाली. आणि मग अगदी हळू विचारलं, "पण नोआला कळेल ना ग?"

मी म्हटलं, कळेल. माझ्या आवाजावर माझाच विश्वास नव्हता.

* * *

विमानतळावर वंदनाच्या गाडीतून गेलो. बॅगेचं वजन जास्त भरलं. मावशीने दोन साड्या आणि कोकम काढून आमच्या हातात दिलं, अल्बम मात्र दिला नाही. तो हातातच घेऊन आत गेली. ती काचेपलीकडे दिसेनाशी झाली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पितळी पिना! त्या मशीनमध्ये दिसणार. मावशीला अडवून बसवणार, विमान चुकणार, आणि सगळं आमच्या हौसेपायी.

तासाभराने तिचा फोन आला. खरंच अडवलं होतं. एकाने अल्बम उघडला, पान उलटलं, दुसऱ्याला हाक मारली. दुसऱ्याने तिसरीला बोलावलं.

"काही झालं नाही ग," मावशी म्हणाली. "सगळ्यांनी माझं लग्न बघून घेतलं. जेवण तेवढं राहिलं."

* * *

तिकडे पोहोचल्यावर मावशी फोनवर "बरी आहे" म्हणायची. ज्या आवाजात म्हणायची ना, त्या आवाजात कोणी बरं नसतं. नोआ अजून जवळ येत नाही, एवढंच मुलाकडून कळलं. अल्बम अजून दाखवलेला नव्हता. पोरीने बघून बाजूला ठेवला तर काय, ही धास्ती. ती धास्ती मी इथे पनवेलमध्ये बसून वाटून घेत होते.

शेवटी एका बुधवारी आम्ही तिघी टेबलाशी बसलो असताना व्हिडिओ कॉल आला. फोन मुलाने धरला होता. सोफ्यावर मावशी, आणि तिच्यापासून हातभर लांब नोआ, मांडीवर अल्बम घेऊन. माझ्या छातीत धडधडायला लागलं.

नोआने अल्बम उघडला. उलट्या बाजूने.

"अगं, अगं, मागून नको!" मी इथे ओरडले. मुलगा हसायला लागला. काकू, म्हणाला, इथे पुस्तकं अशीच उघडतात, उजवीकडून. तिच्यासाठी हीच पहिली बाजू.

मावशीचं प्रार्थनेचं पुस्तक उजवीकडून उघडतं हे आम्ही शंभरदा पाहिलेलं. पण अल्बम बांधताना ते एकीच्या जरी डोक्यात आलं असेल तर शपथ! मावशीच्याही नाही, कारण मराठी लिहिलेलं ती डावीकडूनच वाचणार. वंदनाने कपाळावर हात मारला. मला तर रडू आलं. एवढं एकेक वर्ष लावून रचलेलं, आणि पोरीला सगळं शेवटाकडून दिसणार.

नोआ पान उलटत गेली. आधी आमच्या चौघींचा फोटो, मावशीचे केस पांढरे. मग केस करडे. मग खांद्यावर हात. मग पोस्टातली खुर्ची. मग लग्न, मग दोन वेण्या आणि शाळा. पोरगी प्रत्येक पानावर थांबायची, फोटोत मावशीला बोटाने शोधायची, आणि हळूहळू मावशीकडे सरकत होती. मावशी हलत नव्हती, श्वाससुद्धा घेत नसावी.

शेवटचं पान आलं, म्हणजे आमचं पहिलं. आपटा गावाला, पाताळगंगेच्या काठी, फ्रॉक घातलेली पाच वर्षांची रिबेका, हातात ओला दगड.

नोआने त्या फोटोवर बोट ठेवलं. मग मान वर करून बापाला काहीतरी विचारलं. मावशीने दोनदा विचारल्यावर तो म्हणाला, "आई, ती विचारतेय, ही मुलगी आपल्याकडे खेळायला कधी येणार?"

मावशीने चष्मा काढून बाजूला ठेवला आणि सोफ्यावरून खाली जमिनीवर बसली.

"सांग तिला," ती म्हणाली, "आली म्हणावं."