दुपट्ट्याखालची तडजोड

दुसऱ्यांच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. मग स्वतःच्या घरातलं कोडं मी कशी सोडणार?

सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालली होती म्हणे, आणि तिच्यामुळे वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जात होता. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याच्या आवारात आमची भरली गाडी उभी असताना त्याच्या नोकराच्या चिलमीची ठिणगी कापसात पडली. गाडी जळाली, एक बैल मेला, आणि दुसऱ्याला सोडवताना आमच्या यांचा उजवा हात भाजला. हात पुढे भरून आला. गाडी-बैलाच्या भरपाईसाठी यांनी अकोल्याच्या कचेरीत दावा लावला.

तारीख जवळ आली तशी त्या शेठनं यांना अमरावतीच्या बाजारात गाठलं. म्हणाला, आपसात मिटवू. मग रीतीप्रमाणे यांच्या हातावर दुपट्टा टाकला आणि आत बोटं धरून रक्कम सांगितली. कापसाचा भावही असाच ठरे. किती बोटं धरली ते त्या दोघांनाच कळायचं. येत्या बाजाराला उत्तर द्यायचं होतं.

"किती म्हणाला?" मी विचारलं.

"पाहू."

पाहू काय? जेवताना विचारलं, गोठ्यात विचारलं. उत्तर तेच. मला राग कमी आला, नवल जास्त वाटलं. रक्कम थोडी म्हणून लाज वाटते, की मोठी म्हणून मी गावभर करीन अशी भीती?

शेवटी एका दुपारी मी त्यांच्या भाजल्या हातावर पदर टाकला. म्हटलं, "मी शेठ. सांगा, किती देऊन राहिलो?"

हे हसले. किती बोटं धरावी याचा मी विचार करत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "तीन."

मी त्यांच्या हाताला अजून स्पर्शही केला नव्हता.

मग चिमटा काढला, बोटं दाबली, फुंकर घातली. यांना काही म्हणता काही कळेना. वरून धड दिसणारा हात साफ बधिर झाला होता. शेठनं किती सांगितले हे यांनाच ठाऊक नव्हतं.

"वकिलाले काहून नाई सांगतलं?"

"बाजारात समजलं तं मले कोन इचारीन? दुपट्ट्याखाली जो तो लुबाडीन."

खोटं नव्हतं ते. तडजोड घ्यावी तर हाताची गोष्ट तिथेच संपली. नाकारून हाताचीही भरपाई मागावी तर तो हात चारचौघांत कचेरीत दाखवावा लागणार.

"घेऊन टाका," मी म्हटलं. "जे देईन ते."

बाजाराच्या दिवशी उसन्या गाडीत कापूस भरून आम्ही दोघंही अमरावतीला गेलो. शेठनं दुपट्टा काढला. यांनी तो बाजूला सारला.

"शेठ, तोंडानं सांगा. माह्या हाताले समजत नाई."

आजूबाजूचे लोक वळून पाहू लागले. शेठनं हाताकडे पाहिलं आणि रक्कम मोठ्यानं सांगितली. तेवढ्या पैशांत बैल आला असता, गाडीही आली असती. मला तर तिथल्या तिथे हो म्हणावंसं वाटलं.

"हे गाडी-बैलाचे झाले," हे म्हणाले. "हाताचे?"

"हात तर दाव्यात नाही."

"आता लिहितो."

दुपारपर्यंत आमच्या कापसाला तीन गिऱ्हाइकं आली. एकानंही दुपट्टा काढला नाही. तिघांनी भाव तोंडानंच सांगितला, एकमेकांचा ऐकून तिघांचा एकच, गेल्या बाजारच्या निम्मा. आम्ही गाडी तशीच माघारी फिरवली आणि मला रडू फुटलं.

"घ्याचे होते नं शेठचे पैसे."

हे डाव्या हातानं कासरा धरून होते.

"परवा तारखेले अकोल्याले तू बी चाल," मग म्हणाले. "या हाताले काय काय समजत नाई, ते तुलेच सांगा लागीन."