उभ्या गाडीचा दंड

महाडच्या एसटी स्टँडसमोर रघू हवालदारांना एका जागी उभं राहिलेलं कुणी पाहिलं नाही. चहासुद्धा ते येरझारा घालत प्यायचे. बशीतला निम्मा रस्त्याला जायचा. माणसं पोचवायला आलेली बैलगाडी स्टँडच्या तोंडाशी थांबली, की त्यांची शिट्टी वाजलीच. "उतरा, बोचकी काढा, निघा! उभ्या गाडीला दंड हाय!" आमच्याकडे एक माणूस मुंबईला निघाला तरी त्याला पोचवायला अख्खी वाडी गाडीत बसून येणार, आणि निरोप काही आटपणार नाही. त्यामुळे हवालदारांच्या नावानं बोटं मोडणारे गावोगाव होते. मी शाळामास्तर, पण दंड भरलेला मीही त्यांतलाच.

माझा धाकटा भाऊ विष्णू पलटणीत निघाला, त्या दिवशी आई हट्टानं तुडीलहून गाडीत बसून आली. आमवातानं तिचे पाय गेले होते. सवच्या गरम पाण्याच्या कुंडांचाही काही उपयोग झाला नव्हता. तिला खाली उतरवणं शक्य नव्हतं, आणि कशेडी घाटात दरड आल्यामुळे एसटीचा पत्ता नव्हता. मी गाडी थांबवली तोच शिट्टी वाजली.

"हवालदार, पोर लांब चाललाय. घटकाभर राहू दे रे गाडी," आई म्हणाली.

"आये, हुकूम हाय. उभी गाडी चालायची नाय."

माझं डोकं फिरलं. मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातला कासराच ओढून घेतला. "चालत्या गाडीला दंड नाय, मास्तर," म्हणाले आणि बैल घेऊन चालू लागले. स्टँडपासून पिंपळापर्यंत, तिथून परत. विष्णू गाडीला धरून आईशी बोलत चालला होता. हवालदारांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. "बोलून घे गो आये," एवढंच मधूनमधून म्हणत. एसटी आली, तेव्हा आईनं चालत्या गाडीतूनच त्याच्या हातावर दही घातलं.

विष्णू सीमेवरून परत आला नाही. "माझं सगळं बोलून झालं होतं," असं मात्र आईला शेवटपर्यंत म्हणता आलं. त्यासाठी मी त्या माणसाचा जन्माचा ऋणी आहे.

पुढे अर्धांगानं हवालदारांनाच अंथरुणाला खिळवलं. नोकरी सुटली. ते कायमचे पोलादपूरकडच्या गावी निघाले, तेव्हा त्यांना पोचवायला मी माझीच गाडी नेली. स्टँडवर नवा शिपाई शिट्टी फुंकत धावत आला. मी गाडी थांबवलीच नाही. खाली उतरलो, कासरा धरला आणि चालू लागलो. हवालदार वळकटीला टेकून बसले होते, पण नजर काही ठरत नव्हती. "तो टांगा मधे आलाय बघा. त्या पोराला सांगा, जोरात वाजव म्हणावं."

एसटी येऊन उभी राहिली. कंडक्टर ओरडू लागला. मी बैल तिकडे वळवले, तसा हवालदारांचा धड असलेला हात माझ्या खांद्यावर आला.

"मास्तर," ते म्हणाले, "आणखी एक फेरी मारा."

कंडक्टर ओरडत राहिला. मी बैल पुन्हा पिंपळाकडे वळवले.