दिवा बंद, भुतं चालू

आमच्या समोरच्या घरातला ऑरिन हॅस्केट म्हणजे सहा फुटी लहान मूल आहे, हे मी त्याच्या तोंडावर सांगते, त्यामुळे इथे सांगायला माझं काय जातंय. जन्मभर त्याने गावच्या शाळेची पिवळी बस चालवली. ओहायोच्या आमच्या या कोपऱ्यात आज ज्यांची पोटं सुटलीत आणि टकलं चमकतायत, त्यांच्यातल्या निम्म्यांना ह्याने कधी ना कधी "खाली बस" म्हणून दटावलेलं आहे.

मग गुडघे गेले. जिने नकोत म्हणून मोठ्या रस्त्यावरचं घर विकलं आणि आमच्या गल्लीच्या टोकाला, माझ्या बरोब्बर समोर, छोटं घर घेतलं. पुढे रस्ताच नाही, मग येतंय कोण? गेल्या हॅलोवीनला, म्हणजे पोरं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या रात्री, पठ्ठ्याने ही भलीमोठी परात भरून चॉकलेटं आणली. बोटाएवढी नव्हेत, चांगली हाताएवढी. पोरं आली तीन. त्यातलं एक बाथरूम कुठेय विचारायला आलं होतं. उरलेली चॉकलेटं ह्याने एकट्याने संपवली आणि नंतर डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या.

"पोरांना मी नकोसा झालो गं, नोला," असं मला म्हणाला. हसत म्हणाला, पण मला काय कळत नाही होय. मी म्हटलं, अरे, आपल्या गल्लीत काळं कुत्रं फिरकत नाही, त्यात तुझा काय दोष. पण ते त्याच्या मनाला लागलं ते लागलंच. यंदा गावातलं एकूण एक पोर माझ्या दारात आलं पाहिजे, असा पणच केला बाबाने.

सप्टेंबरपासून तयारी. अंगणात चमकणारी भुतं करायची म्हणून आधी दुकानातून जांभळे दिवे आणले. लावले तर सगळं अंगण वांग्याच्या भरताच्या रंगाचं. भूत तर दिसेचना, मला मात्र मळमळायला लागलं. मग रंगाच्या दुकानातल्या पोरीने त्याला समजावलं की नुसता जांभळा उजेड वेगळा आणि यूव्ही एलईडी वेगळे. यूव्हीचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही म्हटलं तरी चालेल, पण ज्याच्यात चमकायचा गुण आहे ते अंधारात आपलं आपण पेटल्यासारखं उजळतं. पावसात चालतील असे चार दिवे त्याने आणले, वायरींचे जोड प्लास्टिकच्या डब्यात बंद केले, आणि फळ्यांवर त्या उजेडात चमकणारा खास रंग फासून थडगी, हाडं, वटवाघळं करत बसला.

भुतांसाठी जुन्या चादरी मी दिल्या. त्यात एक गंमत झाली. पांढरं कापड चमकतं ते म्हणे कपडे धुवायच्या पावडरीमुळे, तिच्यात पांढरेपणासाठी काहीतरी घातलेलं असतं. माझ्या सगळ्या चादरी अशा झगझगल्या की मला माझ्या धुण्याचा अभिमान वाटला. एकच भूत काळंठिक्कर. ती चादर माझ्या नणंदेने घरच्या साबणाने धुतलेली. पर्यावरण, पर्यावरण करत असते. ते भूत आम्ही मागे लपवलं.

आणि त्याच्या मांजरीने पायऱ्यांवर कुठे कुठे काय काय केलंय, तेही त्या दिव्यांनी चव्हाट्यावर आणलं. हिरवट पिवळं, अगदी नकाशासारखं. मी म्हटलं, राहू दे, तेही भीतीदायकच आहे. पण त्याने रात्रीत घासून काढलं.

तर तो दिवस उजाडला. आमच्याकडे सहाला अग्निशमन केंद्राचा भोंगा होतो तेव्हा पोरं बाहेर पडतात, आणि आठच्या भोंग्याला घरी. भोंगा झाला आणि मी खिडकीतून बघते तर काय सांगू. अंधारात भुतं तरंगतायत, हाडं चालल्यासारखी वाटतायत, थडग्यांवरची अक्षरं हिरवी जळतायत. थेट कोपऱ्यावरच्या चर्चपासून दिसत होतं म्हणे. पोरांचे थवेच्या थवे गल्लीत शिरले. आईबाप फोन काढून उभे.

आणि मग सगळी वळून माझ्याकडे यायची. माझ्या दारात रांग, त्याच्या दारात चिटपाखरू नाही.

पहिल्यांदा वाटलं, घाबरली असतील. पण बारावीतले धटिंगणसुद्धा तसेच वळले तेव्हा मला राहवेना. मधमाशी झालेल्या एका बाईला मी विचारलं, समोर का नाही गेलात? तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कालच या देशात उतरले आहे.

"अहो, त्यांच्या दारातला दिवा बंद आहे ना."

मी कपाळावर हात मारला. दारावरचा दिवा चालू म्हणजे या, बंद म्हणजे कडी वाजवू नका. हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हा शहाणा, भुतं नीट चमकावीत म्हणून घरातला, दारातला, गॅरेजचा, सगळे दिवे मालवून बसला होता. आणि मी तरी कुठली शहाणी, मला अर्धा तास सुचलं नाही.

माझी परात मी मधमाशीच्या ताब्यात दिली आणि रस्ता ओलांडला. ऑरिन आत अंधारात, दाराशी खुर्ची टाकून, मांडीवर चॉकलेटं घेऊन बसलेला. पोरांचे आवाज जवळ येतायत, लांब जातायत, हे ऐकत बसला होता बिचारा.

"जास्तच भयानक केलं गं मी," म्हणाला.

मी दिव्याचं सांगितलं. तो उठला आणि दारातला दिवा लावला. झालं. भुतांच्या चादरी झाल्या, थडग्यांच्या फळ्या झाल्या, आणि मागचं ते नणंदेचं भूत सुद्धा उघडं पडलं. रस्त्यावरून एक कार्टं ओरडलंच, ए, नुसत्या चादरी आहेत.

त्याने पट्कन दिवा बंद केला. आता आली का पंचाईत? दिवा लावावा तर भुतं जातात, न लावावा तर पोरं येत नाहीत.

"मग तूच बाहेर जाऊन बस ना," मी म्हटलं. "दारापर्यंत येत नाहीत, तर तू फाटकापर्यंत जा."

"अंधारात मी दिसणार कुणाला?"

"तो शेणाच्या रंगाचा स्वेटर काढ आधी."

आत पांढराशुभ्र सदरा होता, इस्त्रीचा, पावडरीत धुतलेला. खुर्ची मी फुटपाथपाशी नेली, तो लंगडत आला, यूव्ही दिव्याच्या झोतात बसला, आणि डोकं नसलेला एक निळापांढरा सदरा हवेत बसल्यासारखा दिसायला लागला. मलाच हसू आवरेना. मी हसले म्हणून तोही हसला, आणि तोंडाच्या जागी नुसतं काळं भोक.

म्हणजे झालं असं की खरे दात त्या उजेडात चमकतात, माझे चमकत होते, पण त्याची कवळी अजिबात चमकेना. जुनी आहे. दात आहेत, पण दिसत नाहीत.

अंतराळवीर झालेलं एक एवढंसं पोर आईचा हात सोडून पुढे आलं. घाबरलं नाही, काही नाही. वाकून नीट बघितलं.

"तुझे दात कुठे गेले?"

"चॉकलेट खाऊन खाऊन गेले," ऑरिन म्हणाला. "घे. तू पण खा."

पोराची आई एवढी हसली की पलीकडचे लोक थांबले. मग काय विचारता. बिनदाताचं भूत हाताएवढी चॉकलेटं वाटतंय, ही बातमी पोरांमध्ये भोंग्यापेक्षा जोरात गेली. वाकडी वाट करून दुसऱ्या गल्ल्यांतली पोरं यायला लागली. प्रत्येकाला विचारायचंच, दात कुठे गेले. आणि हा दर वेळी नवी थाप. एकाला सांगितलं, मांजरीने पळवले. एका चेटकिणीला सांगितलं, तुझ्याच आजीकडे ठेवलेत.

ढकलाढकली व्हायला लागली तेव्हा त्याने नुसता आवाज टाकला, "एकामागे एक." पोरं सरळ झालीच, पण मागे उभा असलेला एक दाढीवाला बाप सुद्धा खिशातले हात काढून ताठ झाला. मी डोळ्यांनी पाहिलंय.

आठचा भोंगा झाला. एरवी घरोघरी दारातले दिवे विझतात आणि पोरं मुकाट परततात. पण आमच्या ऑरिनला विझवायला दारातला दिवा पेटलेला होताच कुठे? पोरं येतच राहिली. परात रिकामी झाली, मग त्याने घरातली बिस्किटं काढली, मग सफरचंदं. थंडीने ते न दिसणारे दात कडकड वाजतायत, पण स्वेटर घाल म्हटलं तर नाही म्हणे, चमक जाईल.

मी घरी जाऊन माझा काळा कोट अंगावर टाकला आणि माझ्या परातीतल्या उरलेल्या गोळ्या घेऊन त्याच्याकडे परत आले. दिव्यात आले मात्र, कोटावर चिकटलेला धाग्याधाग्याचा कचरा असा लखलखला की काय सांगू. आयुष्यभर आणलेला स्वच्छतेचा आव एका क्षणात गेला.

"ये, चांदणी ये," म्हणाला मेला. "माझ्या शेजारी खुर्ची टाक. त्या वळणावरून आणखी चौघं येतायत."