आधी माझं तोंड धू

विलास निरोप घेऊन आला तेव्हा मी ओट्यावर भाजी निवडत होते. "मोठी आई गेली," एवढंच म्हणाला आणि उंबऱ्यातच बसून रडू लागला. चांगलं मिसरूड फुटलेला मुलगा. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की मी गेले तर हा एवढा रडेल का... सुमनअक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. निफाडजवळच्या आमच्या गावात बालवाडी चालवायच्या. त्यांना स्वतःच्या दोन मुली होत्या, तरी माझा एकुलता एक त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलाच.

विलास चार वर्षांचा असताना गावातल्या मुलांना खुपऱ्या झाल्या. सकाळी पापण्या चिकटलेल्या, डोळ्यांवर माश्या. मुलांची तोंडं आणि हात धूत जा, असं नर्सबाई सांगून गेल्या. पण मी तांब्या उचलला की हा घरभर पळायचा. मग मी आपली पदराने त्याचे डोळे पुसायचे. "पदरानं नको पुसू, मंदा," अक्का म्हणाल्या. "त्याच पदरानं हात पुसती, त्यानंच डोळे. रोग जायचा कसा?" बरोबरच होतं. पण आपल्या पदरात रोग आहे, हे जावेकडून ऐकायला कुणाला आवडेल?

बालवाडीच्या नळाजवळ एक दगड होता. अक्का रोज त्यावर बसून मुलांपुढे तोंड करायच्या. "आधी हात धू. मग माझं तोंड धू, मग मी तुझं धुते." पोरं साबण लावून त्यांचं तोंड चोळून चोळून धुवायची आणि मग खुशाल स्वतःचं पुढे करायची. घरी हात लावू न देणारा माझा मुलगा तिथे डोळे मिटून, हनुवटी वर करून उभा असलेला मी कुंपणाआडून पाहिला. नुसती जळले.

या सगळ्यात अक्कांचं कुंकू रोज पुसलं जायचं. सासूबाई भडकायच्या. "सवाशीण बाई तू, उघड्या कपाळानं गावातून येती?"

"पोरांच्या हातानं गेलं, आत्याबाई. त्याला काय व्हतंय?"

मी सासूबाईंची बाजू घ्यायचे. मला ते कोरं कपाळ बघवत नसे. माझ्या मुलाची बोटं तिथून फिरलेली असायची.

विलासचे डोळे बरे झाले. कुणामुळे, ते मलाही कळतं. पण उपकार मानता मानताही माणूस जळतं...

शेवटची भेट नाशिकच्या दवाखान्यात. विलास ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसत होता. मला पाहून अक्का म्हणाल्या, "आता आईचं धू रे." तो खरंच ओले हात घेऊन माझ्यापुढे आला. "चल, काहीतरीच," म्हणत मी तोंड फिरवलं. इतकी वर्षं जे हवं होतं, ते त्यांच्या सांगण्यावरून नको होतं मला.

बालवाडीचा तो दगड विलासने आता आमच्या अंगणात आणून ठेवलाय. रोज सकाळी तो त्यावर बसून तोंड धुतो. काल कुंकू लावून मी त्याच्या आधी तिथे जाऊन बसले. तो आला, थबकला. मी तोंड पुढे केलं. त्याने तांब्या भरला.

"थांब," म्हणाला, "आधी हात धुतो."

तिथेही अक्का माझ्या आधी होत्याच. मी डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.