गेटबाहेरची कॉफी

“आधी कॉफी, मग घर,” असं म्हणत बाई साक्षीदाराचा दंड धरायच्या आणि त्याला कोर्टाच्या गेटबाहेर, रस्त्यापलीकडच्या हॉटेलात घेऊन जायच्या. साक्ष आपल्या बाजूची झाली की विरुद्ध, याचा कॉफीशी काही संबंध नसे. एकदा समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराने आमचा खटला पार आडवा केला. बाईंनी त्यालाही नेलं, वर वडा खाऊ घातला. “पिरियापट्टणहून उपाशी आलाय ग तो. आपलं काय जातंय?”

मी म्हैसूरला त्यांच्या हाताखाली वकिली शिकले. त्यांचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, आणि आवाज पाहता फौज अजून पुरती पांगली नव्हती. मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये कधी उतरलं, हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. “कागद नीट बघ म्हटलं ना? एन हुडगी नीनु!” हे ‘काय मुलगी आहेस तू’ मी रोज ऐकलं. राग कधी आला नाही. ज्या दिवशी ऐकू येत नसे त्या दिवशीच चुकल्यासारखं होई.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कायदा त्यांना पाठ असतो, पण सवय कायद्याच्या पुढे चालते.

वरुणा गावच्या एका ऑटोवाल्याचा खटला बाईंकडे होता. बोगादी रस्त्यावर एका म्हाताऱ्याला मोटारीने उडवलं आणि मोटार पळाली. यानं म्हाताऱ्याला उचलून दवाखान्यात नेलं, तर गुन्हा यालाच चिकटला. करायला गेला गणपती, झालं माकड. खरं काय घडलं ते पाहणारा एकच जण, ऑटोत मागे बसलेला जोसेफ. टांझानियाहून इथे शिकायला आलेला.

जोसेफचं शिक्षण संपलं, व्हिसाही संपत आला. “साक्ष देऊन जातो,” असं म्हणून तो थांबला. कोर्ट तारखा पुढे ढकलत राहिलं. मुदत टळून गेली तरी हा थांबलेलाच. बाईंना हे कळलं तेव्हा त्या कपाळाला हात लावून बसल्या.

मग त्यांनी बेत ठरवला. साक्ष झाली की जोसेफला स्वतःच्या गाडीत घालून थेट परदेशी नागरिकांच्या कचेरीत न्यायचं. स्वतःहून हजर झाला तर दंड भरून सरळ घरी जायची आशा होती. पकडला गेला तर मात्र कोठडी. साक्षीदाराला कोर्टात जाता-येता अटकेपासून संरक्षण आहे, पण ते दिवाणी बाबतीत. व्हिसाच्या गुन्ह्यात त्याचा उपयोग नाही. मात्र न्यायाधीशांना विचारल्याशिवाय आवारात कोणाला धरायचं नाही, हा आमच्या पोलिसांनी पाळलेला रिवाज. “आवारात तुला कोणी हात लावणार नाही,” बाईंनी त्याला बजावलं होतं. गाडीही आतच, झाडाखाली उभी होती.

साक्ष सुरेख झाली. सरकारी वकिलांनी उलटसुलट विचारून पाहिलं, पण जोसेफ तसूभर हलला नाही. ऑटोवाला पिंजऱ्यातच रडायला लागला. बाईंचा चेहरा असा फुलला होता की मी तसा पुन्हा पाहिला नाही. मी जबाबाच्या नकला घ्यायला वर गेले.

खाली आले तर झाडाखाली गाडी होती, बाई नव्हत्या. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी जोसेफचा दंड धरला होता. “बारप्पा, कॉफी कुडियोणा.” चल बाबा, कॉफी घेऊ.

हॉटेलच्या पायरीवर पोलीस जोसेफला धरून उभे होते. बाई त्यांच्याशी भांडत होत्या, तो साक्षीला आलाय म्हणून. इन्स्पेक्टर सभ्य माणूस. तो हळूच म्हणाला, “मेडम, गेट तुम्हीच ओलांडलंत अल्लवा? हो ना?”

बाई पळत न्यायाधीशांकडे गेल्या. न्यायाधीशांना वाईट वाटलं, पण गेटबाहेर त्यांचं काही चालत नव्हतं.

ऑटोवाला सुटला. जोसेफ मात्र कित्येक महिने बंगळूरजवळ परदेशी लोकांना डांबून ठेवायच्या केंद्रात अडकला आणि मग त्याला परत पाठवलं. बाई दर आठवड्याला बसने त्याला भेटायला जात. त्यानंतर त्यांनी साक्षीदारांना बाहेर नेणं सोडलं. ऑटोवाला सुटल्याचं कोणी कौतुक केलं की म्हणायच्या, “बिडु. सोड ते. त्या दुसऱ्याला मीच नेऊन पोलिसांच्या हाती दिलं ना?” शेवटच्या आजारपणातही त्यांच्या तोंडी तेच होतं. मला ते ऐकवत नसे.

त्या गेल्यानंतरच्या श्रावणात ऑफिसात जोसेफचा फोन आला. मुलगी झाली म्हणाला. मग म्हणाला, “एक गोष्ट मॅडमना कधी बोललो नाही. त्या दिवशी पोलीस मला गेटच्या आतूनच दिसले होते. पण मॅडम इतक्या खुशीत होत्या, हात सोडवून घेववेना. मी माझ्या पायांनी गेलो. आता सांगून टाकतो. द्या ना त्यांना फोन.”